ऑफिसच्या पार्किंगमधे कलीगचा कुत्रा गाडीत बंद दिसला तर काय करायचं (नवीन जॉईन झालेल्यांसाठी)

हे मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय जे नुकतेच जॉईन झालेत, ज्यांचं प्रोबेशन अजून संपलेलं नाहीये आणि फ्लोअरवर कोण कोणाचा माणूस आहे हेही ज्यांना अजून नीट कळलेलं नाही. जुन्या माणसाचं ठीक असतं, तो सरळ फोन लावून "अरे तुझा कुत्रा खाली गाडीत काय करतोय" असं विचारू शकतो. नवीन पोराला गाडीच्या काचेतून एक लॅब्रेडोर जीभ बाहेर काढून बघताना दिसला की त्याच्या डोक्यात आधी येतं की गाडी कोणाची असेल, मॅनेजरची निघाली तर काय घ्या, आणि तेवढ्यात तो आयडी कार्ड स्वाइप करून लिफ्टमधे गेलेला असतो. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं, अर्ध्या तासाने राहवलं नाही म्हणून परत खाली गेलो. हिंजवडीत नऊ वर्षं काढलीत, त्यात हा प्रकार तीनदा बघितला, पहिल्यांदा मी माती खाल्ली, दुसऱ्यांदा बरं जमलं, तिसऱ्यांदा काच फोडायची वेळ आली होती पण दोन मिनिटं आधी मालक पोचला. जे शिकलो ते खाली लिहितोय.

आधी गरमीचं गणित डोक्यात बसवा

हे माहिती नसेल तर पुढचं सगळं तुम्हाला उगाच बाऊ केल्यासारखं वाटेल. गाडीची काच ऊन आत घेते, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि ती उष्णता बाहेर निघायला वाट नसते कारण हवा खेळत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली हे मोजून छापलं होतं, बाहेर २२ पासून ३६ डिग्रीपर्यंत वेगवेगळ्या दिवशी उन्हात गाडी उभी करून बघितली तर तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ डिग्रीने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. म्हणजे बाहेर २२ असताना, जेव्हा आपण पुण्यात स्वेटर घालायचा का नाही याचा विचार करत असतो, तेव्हा आत ४७ च्या आसपास जाऊ शकतं. आणि त्यांनी काच थोडी खाली ठेवूनही बघितली, फरक जवळपास शून्य. त्यामुळे "दोन बोटं काच खाली ठेवलीय की" हे वाक्य कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. बाहेर ३५ असेल, जे आपल्याकडे मार्चमधेच होतं, तर दहा मिनिटांत आत ४५ आणि अर्ध्या तासात ५४ च्या घरात जातं. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमधे काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आता कुत्र्याचं. त्याचं नॉर्मल तापमानच ३८.३ ते ३९.२ असतं, आपल्यापेक्षा जास्त. घाम त्याला फक्त पंजाच्या गादीतून येतो, बाकी सगळं थंड होणं धापा टाकूनच. आणि गाडीतली हवा गरम आणि त्याच्याच श्वासाने दमट झाली की धापा टाकूनही उपयोग होत नाही, उलट धापा टाकायच्या मेहनतीनेच अंग आणखी तापतं. शरीराचं तापमान ४१ च्या वर गेलं की मामला थेट जिवावरचा. पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर असली चपट्या नाकाची मंडळी सगळ्यात आधी आडवी होतात, मग हस्कीसारखे केसाळ, मग म्हातारे, जाडे आणि पिल्लं.

"पाच मिनिटांत येतो" याचं पण एक गणित आहे. सकाळी साडेनऊला पी-टू मधून, म्हणजे पार्किंगच्या दुसऱ्या लेव्हलवरून, सातव्या मजल्यावर जायलाच लिफ्टच्या लायनीत आठ-दहा मिनिटं जातात, वर गेलं की कोणीतरी "एक मिनिट जरा हे बघ ना" म्हणतं, आणि पंधरा मिनिटांचा स्टँडअप (टीमची रोजची सकाळची छोटी मीटिंग) आजवर पंधरा मिनिटांत संपलेला मी तरी बघितला नाहीये. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच पाच मिनिटं वाटत असतात.

दिसल्या दिसल्या: एक मिनिट नीट बघा

गाडी उन्हात आहे का बेसमेंटमधे, इंजिन चालू आहे का, आत कोणी बसलंय का (मोठ्या साहेबांच्या गाडीत बऱ्याचदा ड्रायव्हरदादा मागची सीट झुकवून कुत्र्यासोबत एसीत झोपलेले असतात, तो वेगळा विषय, तिथे काळजी कुत्र्याची नाही तर ड्रायव्हरदादांना जेवायला सोडतात का याची). मग कुत्र्याकडे बघा. भुंकणारा, इकडून तिकडे उड्या मारणारा कुत्रा वैतागलाय पण अजून दम आहे त्याच्यात. घाबरायचं ते गप्प पडलेल्याला. जोरात धापा, चिकट घट्ट लाळ, लालभडक किंवा नंतर फिक्या-निळसर पडलेल्या हिरड्या, उभं राहताना तोल जाणं, उलटी, हाक मारली तरी न बघणं, ह्यातलं काहीही दिसलं तर खालचं "मालक शोधणं" आणि ११२ ला (पोलिसांचा इमर्जन्सी नंबर) फोन एकाच वेळी सुरू करा.

गाडीचा नंबर, किती वाजलेत ते आणि एक दहा सेकंदाचा व्हिडिओ, एवढं मोबाईलमधे घ्या. हा व्हिडिओ कुठे टाकायचा नाहीये, पुढे काही झालं तर आपल्याकडे असावा म्हणून. काचेवर टकटक करून "अले बाळा" करत बसू नका, तो उत्तेजित होतो, धापा वाढतात, आत आणखी तापतो. वरच्या फटीतून चपाती किंवा बिस्कीटपण नको.

मांजर असेल तर एकच लक्षात ठेवा, मांजर सहसा कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकत नाही. बास्केटमधली मांजर तोंड उघडून श्वास घेताना दिसली म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर काढायची वेळ झालीय.

मालक शोधणं

इथे नव्या लोकांची पहिली चूक होते, ते मोबाईलवर ॲप उघडून गाडीचा नंबर टाकत बसतात. एमपरिवहनमधे नाव अर्धं चांदण्यांनी झाकलेलं येतं आणि फोन नंबर तर मिळतच नाही, पाच मिनिटं वाया. सरळ सिक्युरिटीच्या काकांकडे जा. काचेवर कंपनीचा पार्किंग स्टिकर असतो, त्या स्टिकर नंबरावरून ॲडमिनकडे नाव आणि एक्स्टेंशन निघतं, आणि गेटवरच्या काकांना तर बऱ्याचदा रजिस्टर न बघताच माहिती असतं की ही पांढरी क्रेटा कोणाची. काकांशी आधीपासून दोन शब्द बोलायची सवय असेल तर हे काम दोन मिनिटांत होतं, नसेल तर "तुम्ही कोण, कुठल्या कंपनीचे, आयडी दाखवा" इथून सुरुवात. मी तर म्हणतो जॉईन झाल्यावर पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टींत लॅपटॉपच्या आधी हे घ्या.

एकाच बिल्डिंगमधे पाच कंपन्या असतात त्यामुळे मालक तुमच्या कंपनीचा नसेलही, तेव्हा बिल्डिंगच्या कंट्रोल रूममधून अनाउन्समेंट करायला सांगा. अनाउन्समेंटमधे फक्त गाडीचा नंबर आणि "ताबडतोब पार्किंगमधे या" एवढंच. कुत्र्याचा उल्लेख नको, बिल्डिंगभर ऐकल्यावर तो माणूस खाली येतो तोच भांडायच्या तयारीत.

मालक कोण ते कळलं की फोन करा. टीम्सवर पिंग नको, मीटिंगमधे असेल तर तो मेसेज लंचला बघेल. फोन उचलत नसेल तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याला फोन करा, तेही नाही तर कोणालातरी मीटिंग रूमच्या दारावर पाठवा, दार ठोठावलं म्हणून कोणी नोकरीवरून काढत नाही. आणि बोलायचं काय, तर एवढंच: "सर, तुमची गाडी पी-टू ला आहे ना, कुत्रा खूप धापा टाकतोय, मी गाडीपाशीच उभा आहे, किल्ली घेऊन या." बस. "असं कसं ठेवलंत हो" हे नाही, गरमीचं गणित नाही, आवाजात टोमणा नाही. कारण तुम्हाला त्या क्षणी त्याची अक्कल सुधारायची नाहीये, किल्ली हवीय. खाली आला की त्याला दार उघडू द्या, पाणी असेल तर द्या, आणि तिथून निघा. तिथे उभं राहून बघत बसलात तर त्याला आरोपी असल्यासारखं वाटतं, पुढचं बोलणं अवघड होतं.

मालक येत नाही आणि कुत्रा पडलाय

असं क्वचित होतं पण झालं तर डोकं शांत पाहिजे. ११२ ला फोन लावा, पोलिसांना ठिकाण, गाडी नंबर आणि "प्राणी बंद गाडीत बेशुद्ध होतोय" असं सांगा. सिक्युरिटी सुपरवायझरला गाडीपाशी बोलवा, आणखी एक-दोन माणसं बोलवा, एकाला व्हिडिओ सुरू ठेवायला सांगा. मग आधी चारही दारं आणि डिकी ओढून बघा, हसू नका, आमच्या इथे तिसऱ्या वेळी सगळे काच कशाने फोडायची यावर चर्चा करत होते आणि डिकी उघडीच होती, मालक पळत येताना दुरूनच ओरडत होता की डिकी, डिकी.

कायद्याचं मी वकील नसताना जेवढं माहिती आहे तेवढं सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा आहे, त्याच्या कलम ११ मधे प्राण्याला विनाकारण वेदना होतील असं वागवणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. तेवढ्यात आमच्या टपरीवर चहा आणि वडापाव येतो. जाणूनबुजून प्राण्याला मारलं किंवा निकामी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण विसरून किंवा बेफिकिरीने गाडीत ठेवलेल्याला ते लावणं सोपं नसतं. आणि कुत्रा वाचवायला काच फोडली तर तुम्हाला काही होणार नाही असं सरळ लिहून देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियात २०१७ पासून आहे, आधी पोलिसांना कळवायचं, दार खरंच लॉक आहे बघायचं, मग फोडायची, फोडून झाल्यावर जाग्यावर थांबायचं वगैरे अटींसकट. तिकडे असलेले आपले लोक व्हिडिओ टाकतात ते बघून इकडे वीट उचलू नका. माझं मत विचाराल तर कुत्रा डोळ्यासमोर आडवा झालेला असेल आणि सुपरवायझर सोबत उभा असेल तर मी फोडीन, काचेचे पैसे भरायची तयारी ठेवून. पण हे मी नऊ वर्षं झालेला माणूस बोलतोय, प्रोबेशनवर असाल तर निर्णय सुपरवायझरला घेऊ द्या आणि तुम्ही त्याच्या पाठीशी ठाम उभे राहा.

फोडायचीच झाली तर पुढची मोठी काच कधीच नाही, ती दोन थरांची चिकटवलेली असते, नुसती तडकते. कुत्र्यापासून सगळ्यात लांबची बाजूची काच, मधोमध नाही तर कोपऱ्यात, टोकदार वस्तूने. कंपनीची एसी बस तिथेच उभी असते, तिच्यात खिडकीपाशी लाल हातोडी असते ती ह्यासाठी उत्तम. हाताला जॅकेट गुंडाळा, तोंड वळवा. दार उघडायच्या आधी कोणाचीतरी ओढणी किंवा लॅपटॉप बॅगचा पट्टा हातात ठेवा, घाबरलेला कुत्रा सुटला की रॅम्पवरून थेट रस्त्यावर जातो, आणि ओळखीचा गोड कुत्रापण अशा वेळी चावू शकतो.

बाहेर काढल्यावर

सावलीत न्या आणि अंगावर साधं नळाचं पाणी ओता, भरपूर, पोट, मांड्यांच्या आतली बाजू, पंजे, मान, तोंडात-नाकात जाणार नाही असं. बर्फ शोधायला कॅन्टीनला पळू नका, त्यात वेळ जातो, नळाचं पाणी आणि त्यावर वारा, म्हणजे सिक्युरिटी केबिनचा टेबल फॅन किंवा गाडीचा एसी, हे चालतं. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि गोधडीसारखं काम करतो, हे बरेच जण चुकतात. शुद्धीत असेल आणि स्वतः पीत असेल तर थोडं थोडं पाणी, बाटलीने घशात ओतायचं नाही. आधी थंड करा, मग डॉक्टरकडे, म्हणजे पाणी ओतायला सुरुवात करून एकाने गाडीची सोय करायची, तसाच तापलेला कुत्रा ट्रॅफिकमधे चाळीस मिनिटं न्यायचा नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल मी काय बोलणार.

शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरला दाखवायला मालकाला सांगाच. उष्माघाताने किडनी आणि रक्त गोठण्याची गडबड नंतर, एक-दोन दिवसांनीसुद्धा वर येते. जवळचा दवाखाना आधीच शोधून ठेवा. पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल रिक्षावाल्यालापण माहिती असतं, नागपूरला सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज. पण ऑफिसपासून दहा मिनिटांवरचा एक खासगी डॉक्टर फोनमधे सेव्ह असलेला ह्या तिन्हीपेक्षा कामाचा.

दुसऱ्या दिवशीचं बोलणं, म्हणजे खरं काम

कुत्रा बाहेर काढणं त्या मानाने सोपं असतं, दहा मिनिटांचा मामला. तो परत गाडीत बसू नये हे अवघड, आणि इथेच मी माती खाल्ली होती. पहिल्या वेळी मला वाटलं पुरावा आहे, फोटो आहे, फ्लोअरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, दीडशे लोक बघतील, लाज वाटेल, संपला विषय. टाकला. अर्ध्या तासात साठ मेसेज, "शेम", रडणाऱ्या इमोजी, एकाने "ह्यांना प्राणी पाळायचा अधिकार कोणी दिला" वगैरे, एकाने गाडीचा नंबर इन्स्टावर टाकला. गाडीचा मालक एक सीनियर होता, तो माझ्याशी पुढे वर्षभर बोलला नाही, तेही ठीक. पण दोन आठवड्यांनी काकांकडून कळलं की कुत्रा अजूनही येतोच आहे, फक्त आता गाडी पी-थ्री च्या पार मागच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड लागते, जिथे दिवसभर कोणी फिरकत नाही. म्हणजे माझ्या शहाणपणाने काय झालं, तर आधी निदान येणारे जाणारे बघत तरी होते, आता तेही बंद. ते ऐकून मला जे वाटलं ते अजून आठवतं.

म्हणून दुसऱ्या वेळी मी काही बोललोच नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी चारला टपरीवर गाठलं, चहा सांगितला, आणि विचारलं, "दादा, कालचा तो कसा आहे आता? नाव काय त्याचं?" नाव विचारा, हे विसरू नका. कुत्र्याचं नाव विचारलं की माणूस मऊ पडतो. त्याचं नाव होतं लाडू. मग पाच मिनिटं लाडूचं कौतुक ऐकलं, लॉकडाऊनमधे आणला, तेव्हा दिवसभर मांडीवर, मग आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सुरू झालं, आणि लाडूला एकटं राहायची सवयच नव्हती, भुंकून भुंकून मजला डोक्यावर घ्यायचा, सोसायटीच्या सेक्रेटरीने पत्र दिलं, वहिनी बाळंतपणाला साताऱ्याला, कामवाल्या मावशींना कुत्र्याची भीती. मग त्याने विचार केला की घरी रडण्यापेक्षा बेसमेंटमधे गाडीत बरा, दर दीड तासाने खाली जाऊन येतो, लंचला फिरवतो. म्हणजे त्याच्या डोक्यात तो काळजीच घेत होता. एवढं ऐकल्यावर मला ग्रुपवर "शेम" लिहिणारे आठवले.

जवळपास प्रत्येक वेळी असंच काहीतरी असतं, घरमालकाने कुत्रा आहे म्हणून खोली सोडायला लावली, घरात पेंटिंग चाललंय, सांभाळणारा पोरगा आलाच नाही, संध्याकाळी डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे आणि घरी जाऊन परत यायला वेळ नाही. अडचण काय आहे ते कळलं नाही तर तुम्ही सांगाल तो उपाय फुकट. त्यामुळे आधी विचारा, मग गप्प बसा, ऐका.

मग तो त्याची बाजू मांडेल, त्याला उत्तरं तयार ठेवा पण वादात जिंकल्यासारखी देऊ नका. एसी चालू ठेवतो म्हणाला तर: गाडी बंद पडू शकते, काही गाड्यांत इंजिन थोड्या वेळाने आपोआप बंद होतं, कुत्र्याचा पंजा बटणावर पडतो, आणि बेसमेंटमधे पेट्रोल-डिझेल इंजिन तासभर चालू ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड कुत्र्यालाही वाईट आणि तिथे दिवसभर उभ्या काकांनाही. टेस्लात २०१९ पासून डॉग मोड आहे, तापमान धरून ठेवतो आणि स्क्रीनवर तसं लिहून येतं, पण आपल्या पार्किंगमधे टेस्ला किती. सावलीत लावलीय म्हणाला तर सावली सरकते, सकाळी नऊची सावली बाराला दुसऱ्याच गाडीवर असते. पाण्याची वाटी ठेवलीय म्हणाला तर चांगलं केलं, पण पाण्याने हवा गार होत नाही, आणि ती पहिल्या दोन मिनिटांत सांडलेली असते. बेसमेंट आहे, ऊन नाही म्हणाला तर, हे मात्र थोडं खरं आहे, तिथे उन्हासारखं तापत नाही, मी उगाच नाही म्हणणार नाही. पण आमच्या बेसमेंटमधे मे महिन्यात उभं राहून बघा, शर्ट चिकटतो, आणि बंद काचांत आठ तास, अंधारात, एक्झॉस्टच्या घरघरीत, एवढ्यावर लाडूच्या मालकाने स्वतःच मान खाली घातली.

आणि मग उपाय, कारण उपाय नसेल तर हे सगळं बोलणं म्हणजे पुण्याचं फुकट सल्ला केंद्र. नवीन माणूस काय देऊ शकतो, तर बरंच काही. मी तेव्हा वाकडला भाड्याने राहायचो, एक रूममेट नाइट शिफ्टला, दिवसा घरी झोपलेला. लाडू आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे राहिला, रूममेटच्या पायाशी घोरत. दुसरा दिवस लाडूच्या मालकाने मॅनेजरशी बोलून टीममधल्या एकीबरोबर ऑफिसचा दिवस बदलून घेतला, तिसऱ्या दिवशी डे केअर, जे रोज परवडत नव्हतं पण आठवड्यातून एकदा परवडत होतं. सोसायटीत एखादे रिटायर्ड आजोबा असतात ज्यांच्या मुलाने त्यांना कुत्रा पाळू दिलेला नसतो, त्यांना विचारायला सांगा, हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. दुपारी येऊन फिरवून जाणारी मुलं आता बऱ्याच भागात मिळतात. आणि घरी एकटं राहायची सवय हळूहळू लावता येते, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, डॉक्टर किंवा ट्रेनर सांगतात कसं ते.

समोरचा तुमचा मॅनेजर असेल तर

चहावर गाठू नका, एवढी जवळीक नसते. सिक्युरिटी सुपरवायझरमार्फत जा, तो "सर, गाडीचं जरा बघा" म्हणाला तर ते ड्युटीत बसतं, तुम्ही म्हणालात तर अप्रेझलपर्यंत लक्षात राहतं. दुसरं, ॲडमिनला किंवा फॅसिलिटीवाल्यांना एक साधा मेल, कोणाचंही नाव न घेता, की उन्हाळा येतोय तर पार्किंग स्टिकरच्या मेलमधेच "गाडीत लहान मूल किंवा प्राणी ठेवू नये, दिसल्यास सिक्युरिटीला ह्या नंबरवर कळवा" अशी एक ओळ घालता येईल का. लहान मूल हा शब्द घाला, मग कोणी नाही म्हणत नाही, आणि ते खोटंही नाहीये, मुलांच्या बाबतीतही गरमीचं गणित तेच आहे. आमच्याकडे अशी ओळ गेली तेव्हा कोणाला कोणावर बोट दाखवावं लागलं नाही.

एचआरकडे जायचं ते दोन-तीनदा सांगूनही परत परत घडलं तरच, आणि तारखा-वेळा लिहून. पहिल्याच दिवशी गेलात तर "हे त्यांचं पर्सनल आहे" असं ऐकून परत याल. पार्किंगची जागा बिल्डिंगची आहे, तिथे काय चालतं हे फॅसिलिटीच्या हातात असतं, त्यामुळे दार तेच ठोठवा. आणि सगळं करूनही तो ऐकत नसेल, कुत्रा खरंच हालात असेल तर ११२, कोणाला न सांगता, तुमचा नंबर मालकाला देऊ नका असं त्यांना सांगून. इथे मैत्री-बित्री बघायची नाही.

डे केअरचं शेवटचं सांगतो कारण तिथे सगळे आयत्या वेळी अडतात. रेबीज आणि नाइन-इन-वनच्या (एकाच इंजेक्शनमधे बऱ्याच रोगांवरची) लसीचं कार्ड अपडेट नसेल तर चांगले लोक घेत नाहीत, काही जण केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लसपण मागतात, आणि पहिल्यांदा एक अर्धा दिवस ट्रायल असते. त्यामुळे ज्या दिवशी गरज आहे त्या दिवशी सकाळी आठला फोन करून काही होत नाही. ट्रायल फेब्रुवारीतच उरकून घ्यायला सांगा आणि मेचं बुकिंग मार्चमधे, कारण मेमधे सगळं पुणं गावाला जातं आणि डे केअरवाला फोनच उचलत नाही.